माळकऱ्याच्या अंगाला समुद्राचा वास

सोनाजीच्या अंगाला माशाचा वास मारू लागला, हे सगळ्यांत आधी मांजरांना कळलं. माणसांना कळायला पुढं आठ दिवस गेले, आणि खुद्द सोनाजीला कळलं ते सगळ्यांच्या शेवटी. आपल्या अंगाचा वास आपल्याला कुठं येतो?

निंबोळवाडी हे औंढ्यापासून तीन कोसांवरचं गाव. २००१ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. त्या वेळी गावात मांजरं होती पाच. सोनाजी सकाळी शेताकडं निघाला की ती पाचही शेपट्या ताठ करून ओळीनं त्याच्या मागं निघायची. आठवडाभरात ती अकरा झाली. वरची सहा कुठून आली कुणाला ठाऊक. पण शेजारच्या गावात त्या साली उंदरांनी उच्छाद मांडला होता, एवढं खरं. सोनाजी बांधावर भाकरी खायला बसला की एक बगळा येऊन शेजारी एका पायावर उभा राहायचा आणि त्याच्याकडं असा टक लावून बघायचा, की सोनाजीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुढं पुढं तो बगळा घरापर्यंत पोचवायला यायचा म्हणतात. म्हणतात ते सगळंच काही खोटं नसतं.

सोनाजी म्हणजे तिसऱ्या पिढीचा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मासा त्यानं पाहिला होता तो सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात, तोही जिवंत आणि लांबून. गावात दरसाल दत्तजयंतीला सप्ताह बसे. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचा पहारा. आणि पहिल्या दिवशी सूर्य उगवताना जो पहिला पहारा, तो सोनाजीच्या घराकडं, त्याच्या आज्यापासून. आज्याला पहाऱ्यावर असताना विंचू डसला होता. आजा हलला नाही. विंचूच म्हणे ओशाळून मंडपाबाहेर गेला. सोनाजीकडं जमीन होती बेताची, बोलणं बेताचं, पण वर्षातून दोन तास अख्खा गाव त्याच्या पाया पडायचा. तेवढ्या दोन तासांवर तो उरलेलं वर्ष काढायचा.

वासाच्या विषयाला तोंड फोडलं ग्यानोबानं. ग्यानोबाकडं दुसरा पहारा, त्याच्याही आज्यापासून. आणि दुसरा पहारा असलेल्या माणसाचं नाक जरा तिखटच असतं. मंदिराच्या पारावर दुपारच्याला चार माणसं बसली होती. सोनाजी येऊन टेकला, तसा ग्यानोबा उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला.

"सोनबा, आज कोन्ता मासा व्हता रं?"

"कशाचा मासा?"

"ते तू सांग. आमाला नुसता वास येऊन राहिला. चव तर तुलाच ठावं."

लोक हसले. सोनाजीही हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं बघितलं की हसणाऱ्यांतला एकही जण नाकावरचं उपरणं काढायला तयार नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "गोजरे, खरं सांग. माझा वास येतो का?"

गोजरबाई चुलीपुढं होती. मागं न बघता म्हणाली, "येतो."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं तुमी कुठं तरी खाऊन राहिलेत. बोललं तर घर मोडतं, न्हाई बोललं तर नुस्ता वास येतो. म्या म्हनलं, वास परवडला."

तिसऱ्या पिढीच्या माळकऱ्याला हे ऐकून रडावं की काय करावं समजेना. त्यानं माळेवर हात ठेवून शपथ घेतली. गोजरबाईनं ती मानली, आणि एकदा मानल्यावर मात्र पदर खोचला. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला न्हाणीत दगडावर बसवून कपड्याच्या साबणानं घासला. वास वाढला. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी केलं आणि काथ्यानं असा खरवडला, की सोनाजीचा रंग एक पिढी मागं गेला. त्या दिवशी तर वास रस्त्यापलीकडं पोचला. दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यानं त्याच्या घरचं दूध नाकाजवळ नेलं आणि परत दिलं. दूध चांगलं होतं. चरवी धरणारा हात सोनाजीचा होता.

सप्ताहाचे प्रमुख माणिकराव. माणूस सरळ, पण सरळ माणसाशी बोलणं अवघड असतं, कारण त्याला वळवायला जागा नसते. त्यांनी मंदिरात बैठक बसवली आणि साक्षीला थेट धरणावरून लखमा भोयाला बोलावलं. पंचक्रोशीत मासळी विकणारा तो एकटा.

"लखमा, देवाच्या दारात उभा हायेस. सोनाजी तुझ्याकून मासळी नेतो का?"

"न्हाई, मालक. ह्यांनी कधी पाटीत डोकावलं बी न्हाई."

"मंग हा वास?"

लखमा पुढं झाला. सोनाजीभोवती त्यानं एक फेरी मारली, डोळे मिटले, नाक वर केलं. सगळं मंदिर श्वास धरून बसलं होतं. तसंही तिथं श्वास सोडण्यापेक्षा धरणंच सोयीचं होतं.

"वास मासळीचा हाये, बराबर," लखमा म्हणाला. "पर माझी मासळी अशी वासत न्हाई. धरणातली मरळ म्हना, रोहू म्हना, ती चिखलावानी वासती. ह्यो खाऱ्या पान्याचा वास हाये. समुद्राचा. सुका बोंबील भिजला की असा येतो."

"समुद्र?" माणिकराव म्हणाले. "ह्यो परभणीच्या पलीकडं गेला न्हाई."

"आता ते मला काय ठावं. नाक जे सांगतं ते म्या सांगितलं." जाता जाता तो गोजरबाईला म्हणाला, "आन वैनी, सोड्यानं काहून घासून राहिल्या? आमी घरी हात चिंचंनं धुतो." पण तोवर ग्यानोबा मोठ्यानं बोलायला लागला होता, त्यामुळं हे कुणी ऐकलं नाही.

ग्यानोबाचं म्हणणं, घरात बोंबील दडवलेले आहेत. घर धुंडाळलं. कणगीत हात घातले, उतरंडी उतरवल्या, देव्हाऱ्याच्या मागंही बघितलं. बोंबील काही निघाला नाही. मग कीर्तनाची आवड असलेल्या एका म्हाताऱ्यानं सुचवलं, की सोनाजी मागच्या जन्मी मासा असावा. हे पुष्कळांना पटलं, पण त्यातून मार्ग निघेना, कारण मागच्या जन्मीच्या माशाला वीणा द्यावी की न द्यावी ह्याबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

माणिकरावांनी निकाल दिला. "सप्त्याला तीन आठवडे हायेत. वास गेला, तर पहिला पहारा तुझा. न्हाई गेला, तर पहारा ग्यानोबाचा, आन माळ देवापुढं उतरून ठिवायची."

सोनाजी उठला. घरी जाऊन त्यानं माळेचे मणी मोजले. एकशे आठच होते.

शाळेवर विज्ञानाला बुद्धभूषण गुरुजी होते. मूळचे हट्टा गावचे, गावातच खोली करून राहत. बैठकीत ते मागं उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोनाजीच्या ओट्यावर येऊन बसले, बरोबर त्याच्या शेजारी, नाकावर काही न धरता. सोनाजीला तेवढ्यानंच भरून आलं.

"सोनाजीभाऊ, मी दर रविवारी मासे खातो. माझा वास येतो का?"

"न्हाई, गुरुजी."

"तुम्ही खात नाही आणि तुमचा येतो. म्हणजे माशाचा ह्यात काही संबंध नाही. दिवाळीपासून घरात नवं काय आलं?"

"काई न्हाई," सोनाजी म्हणाला.

"काई न्हाई," आतून गोजरबाई म्हणाली, आणि पाहुण्याचा मान म्हणून गुरुजींच्या हातावर एक लाडू ठेवला. गुरुजींनी तो चावला. दात हलला, पण लाडू हलला नाही.

"वैनी, हा कशाचा?"

मग निघालं. दिवाळीआधी तालुक्याला बायांचं प्रशिक्षण झालं होतं, सोयाबीन घरी कसं खावं ह्याचं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, दहा पायल्या गव्हाला एक पायली सोयाबीन भाजून घाला, अंगाला ताकद येते. गोजरबाई घरी येता येता विचार करत आली. एका पायलीनं ताकद येते, तर जास्तीनं जास्त येणार, ह्याला काय शाळा पाहिजे? तिनं निम्म्याला निम्मं केलं. भाकरीत सोयाबीन, पिठल्यात सोयाबीन, दुधाऐवजी सोयाबीनचं दूध, वर हे लाडू. नवऱ्याला दोन तास ताठ उभं राहायचं होतं ना वीणा घेऊन! आणि वास सुरू झाल्यावर, माणूस बदनामीनं खचला म्हणून, लाडू दोनाचे चार केले होते.

"तुम्हीपण खाता?"

"मला न्हाई सोसत. वात धरतो."

गुरुजींनी एक लाडू खिशात घातला आणि नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर दहाव्या दिवशी आलं, चार पानी. त्या दहा दिवसांत गोजरबाईनं ना सोडा थांबवला ना लाडू, आणि मांजरं सतरा झाली.

पत्र घेऊन गुरुजी ओट्यावर बसले.

"ह्या वासाला ट्रायमिथाईल अमाईन म्हणतात. अमोनियाच्या घरातलं पोरगं समजा. फार उडाणटप्पू, थंडीच्या दिवसांतसुद्धा वायू होऊन हवेत जातं. आणि माणसाचं नाक त्याला असं धरतं, की हंडाभर पाण्यात नखाएवढं असलं तरी पकडतं. समुद्रातला मासा मेला की त्याच्या अंगात तयार होतं."

"म्या जित्ता हाये, गुरुजी."

"ऐका तर. सोयाबीनमध्ये कोलीन म्हणून एक सत्त्व असतं. वाईट नसतं, नसांना लागतंच. पण लई झालं की आतड्यातले जंतू त्यातून हाच वायू काढतात. माझ्या पोटात निघतो, माणिकरावांच्याही निघतो."

"माणिकरावांच्या बी?" सोनाजीला बरं वाटलं.

"सगळ्यांच्या. तिथून तो जातो यकृतात. तिथं एक कारकून बसलेला असतो. येईल त्या कणावर तो ऑक्सिजनचा शिक्का मारतो. शिक्का बसला की वास मेला, मग तो गुपचूप लघवीवाटे बाहेर. तुमचा कारकून जन्मापासून सुस्त आहे. रोजचे चार कागद आले तर उरकत होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. वैनींनी पोत्यानं कागद पाठवले."

"मंग बिनशिक्क्याचेच सोडून देतो?"

"घामातून, श्वासातून, जिथून वाट मिळेल तिथून."

"तहसीलमधलाच दिसतो," सोनाजी म्हणाला.

पत्रात शेवटी आणखी होतं. हा वायू क्षाराच्या जातीचा. सोडा लागला की अंगावर जो काही बसलेला असेल तोही मोकळा होऊन उडतो. आंबट लागलं की त्याचं मीठ होतं, आणि मीठ उडत नाही, म्हणून वास येत नाही. गोजरबाई दारात ऐकत उभी होती. ती आत गेली आणि सोड्याचा डबा परसात उकिरड्यावर उपडा करून आली. मग तिनं जुन्या चिंचेचा गोळा भिजत घातला.

सोयाबीन बंद झालं. ज्वारीची भाकरी, वरण, भात. चिंचेच्या पाण्यानं आंघोळ. पाचव्या दिवशी सतरातली बारा मांजरं आपापल्या गावी गेली. सहाव्या दिवशी बगळा उठला, सोनाजीकडं एकदा फसवल्यासारखं बघितलं आणि धरणाच्या दिशेनं उडाला. सातव्या दिवशी सोनाजी छाती काढून पारावर गेला आणि ग्यानोबाच्या अगदी मांडीला मांडी लावून बसला.

"बघ."

ग्यानोबानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मांडीवर थाप मारून ओरडला, "गेला! वास गेला! म्हंजे खायचं सोडलंस! म्हंजे खात व्हतास!"

  वास होता तोवर नुसता संशय होता. वास गेला आणि पुरावा झाला. माणिकरावही विचारात पडले. "सोनाजी, ह्याचं म्हननं बराबर वाटतं. सोडलं म्हनून गेला."

"सोडलं, पर सोयाबीन सोडलं!"

"असं कुनी बी म्हनंल."

सोनाजी रात्रीचं जेवला नाही. सकाळी उठून तो माणिकरावांच्या दारात गेला. एरवी त्यांच्यासमोर त्याला वाक्य पुरं करता येत नसे.

"सप्त्याला तीन दिस हायेत. म्या आत्तापासून मंदिरात बसतो. उठनार न्हाई. तुमी पहारा ठिवा. मला फकस्त सोयाबीन खाऊ घाला, तुमच्या हातानं, तुमच्या घरचं. वास आला, तर ह्यो मासा कुठून आला ते ग्यानोबानं सांगावं. न्हाई आला, तर माळ घ्या."

"आन आला, तर? वास मारत वीणा कशी देऊ?"

 "ते मंग बघू," सोनाजी म्हणाला. "आधी खोटेपना तर जाऊ द्या."

तो मंडपात खांबाला टेकून बसला. गुरुजी म्हणाले, प्रयोग एकट्यावर करून चालत नाही, दुसऱ्या कुणीतरी तेच तेवढंच खाल्लं पाहिजे. सगळे ग्यानोबाकडं बघायला लागले. ग्यानोबा मागं हटणारा नव्हता. तोही समोरच्या खांबाला टेकून बसला. दोघांना माणिकरावांच्या घरून दिवसातून तीन वेळा सोयाबीनच्या भाकरी, सोयाबीनचं पिठलं, सोयाबीनच्या घुगऱ्या. गाव दोन्ही बाजूंनी बसून राहिलं. बायका निवडायचं-टिपायचं काम तिथंच घेऊन आल्या.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्यानोबाच्या पोटातून असा आवाज निघाला, की मंडप बांधणारे मजूर शिडीवरून खाली उतरले. संध्याकाळपर्यंत ग्यानोबाच्या बाजूची माणसं सोनाजीच्या बाजूला येऊन बसली. ग्यानोबा मांडी बदलत होता, पण उठेना.

"ग्यानोबा, तकलीफ व्हत असंल तर उठ बाबा," सोनाजी म्हणाला.

"तू उठ!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या पायरीवर एक मांजर येऊन बसलं. मग दुसरं. माणिकराव उठले, सोनाजीजवळ गेले, वाकले. भर समुद्र! मग समोर जाऊन ग्यानोबाजवळ वाकले आणि झटकन सरळ झाले. तिथं दुसरं बरंच काही होतं, पण मासा नव्हता.

"तीन दिस ह्यो माझ्या नजरंसमोर हाये," माणिकराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या घरचं खाल्लं. मासा आला न्हाई, वास आला. सोनाजीची माळ चोख हाये."

गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. ग्यानोबा उठला, आणि पोट धरून जो ओढ्याकडं गेला तो तासानं परत आला.

खोटेपणा गेला, पण आता वास होता आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना सप्ताह बसायचा होता. माणिकरावांनी दिलेला शब्द होता, वास गेला तर पहारा. तो फिरवायचा तर सरळ माणसाला फार जड. ते मंडपाच्या चारी बाजूंनी फिरले. गोजरबाईनं नवऱ्याला टाचेपासून शेंडीपर्यंत चिंचेच्या पाण्यात भिजवून काढला. अंगाचा वास पुष्कळ बसला. पण श्वासाला काय करणार? पहारेकऱ्याला तोंडानं नाम घ्यावं लागतं, दोन तास, न थांबता. मिटल्या तोंडाचा पहारा निंबोळवाडीत कुणी ऐकला नव्हता.

शेवटी माणिकराव मंडपाच्या पश्चिम अंगाला थांबले. त्यांनी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली. माती मंडपाबाहेर गेली.

"सकाळचा वारा हिकडून तिकडं वाहतो," ते म्हणाले. "पहारेकरी हितं उभा ऱ्हाईल. बाकीचे उगवतीकडं बसतील. देवाचं तोंड बी उगवतीकडंच हाये."

"आन शब्द?" कुणीतरी विचारलं.

"वास मंडपातून गेला म्हंजे गेला. कुठं जावा हे म्या बोललो नव्हतो."

सूर्य वर येताना माणिकरावांनी वीणा सोनाजीच्या गळ्यात घातली. सोनाजी पश्चिमेच्या कडेला उभा राहिला. चिंचेच्या चिकट अंगावर मुंग्या चढल्या, त्या त्यानं चढू दिल्या. लोक एक एक करून आले, पाया पडले. काहींनी वाकताना श्वास धरला, काहींनी धरला नाही. मंडपाच्या मागं, वारा जिकडं जात होता तिकडं, सगळी मांजरं नीट रांगेत बसून होती. गावात अजून सांगतात, की ती डोलत होती.

दोन तासांनी ग्यानोबा पहारा घ्यायला आला. तीन दिवसांच्या सोयाबीनमुळं त्याचे गाल बसले होते. वीणा गळ्यातून गळ्यात जाताना दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली. नियम असा, की त्या क्षणी नामाशिवाय काही बोलायचं नाही. सोनाजीनं पहिल्यांदाच नियम मोडला आणि हळूच विचारलं, "येऊन राहिला का रं?"

ग्यानोबानं वीणेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"येऊन राहिला," तो म्हणाला. "पर ह्यो तुझा हाये. माशाचा न्हाई."

आणि तो मोठ्यानं नाम घेऊ लागला.